सरांच्या गाडीचा आवाज

जरा सरकून बसा. सिद्धेश, तो मोबाईल ठेव खाली. ही ऐकीव गोष्ट नाही. बाबली मेस्त्री माझ्या ओळखीचा, आणि हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे.

दोन हजार तेवीस साल. डिसेंबरची बारा तारीख, मंगळवार, अमावास्या. काम अगदी साधं होतं. कुस्तोदियो सरांच्या जुन्या काँटेसा मोटारीला नवे ब्रेक-पॅड बसवायचे आणि गाडी आचऱ्याला त्यांच्या दारात नेऊन उभी करायची. सरांची बायको एस्पेरांसाबाई आठवड्यापूर्वी गॅरेजवर येऊन सांगून गेली होती.

“नाताळाक अँजेला येतली. तिका ही गाडी व्हयी आसा. चालती करून दी, बाबली. आवाज मात्र नको हां.”

लेकीसाठी आई बोलत होती, आणि बाबलीच्या हातातला पाना तसाच राहिला. ‘आवाज नको’ हेच शब्द दहा महिन्यांपूर्वी सरांनी म्हटले होते.

सरांनी बाबलीला शाळेत गणित शिकवलेलं. त्या गाडीवर त्यांचा भारी जीव. पण जुन्या गाडीचे पॅड सहज मिळत नाहीत, म्हणून बाबलीने दुसऱ्याच गाडीचे कडक पॅड कानशीने घासून बसवून दिले होते. कडक पॅड चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डिस्कवर घासला की किंचाळतो. सरांनी ब्रेक दाबला की अख्ख्या वाडीला कळायचं, सर आले. रस्त्याकडेला राहणारी तुळसा म्हातारी डोळ्यांनी अधू. ती तो आवाज ऐकूनच चिऱ्याच्या गडग्याला, कुंपणाच्या त्या भिंतीला, टेकून उभी राहायची.

सर त्या किंचाळीला कंटाळले. मऊ पॅड कोल्हापुराहून मागवायचे तर आठ दिवस जाणार, आणि बाबलीला त्या दिवशी जत्रेला जायची घाई. आता, पॅडच्या पाठीला थोडं ग्रीस लावतात, आवाज कमी होतो, ते कुठलाही मेस्त्री करतो. तोंडाला, म्हणजे डिस्कला टेकणाऱ्या बाजूला, कधी लावत नाहीत. तोंडाला लावलं तर पॅड डिस्कला धरतच नाही, घसरतो. बाबलीने तोंडाला पुसलं. पातळसं. दोन दिवसांत जळून जाईल, तोवर नवे पॅड येतील, असं मनाशी धरून.

गाडी गप्प झाली. सर खूश होऊन गेले.

त्याच संध्याकाळी, आचऱ्याच्या अलीकडच्या वळणावर, तुळसा त्या गप्प गाडीखाली आली आणि जागीच गेली.

गाडी ओढून आणायला बाबलीलाच बोलावलं. तपासणी व्हायच्या आधी, रात्रीतच त्याने चाकं उघडली आणि पॅड पेट्रोलने पुसून काढले. कागदावर लिहिलं गेलं, ब्रेक ठीक. लोक म्हणाले, म्हाताऱ्या सरांचा पाय ब्रेकवर उशिरा पडला. सरांवर केस झाली. ते घरात बसले ते बसलेच. चर्चमध्ये मिस्साला जाणं सोडलं, बोलणं सोडलं.

आणि बाबली? जेवायचा, काम करायचा. फक्त पेट्रोलचा वास आला की तो हातातलं काम टाकून बाहेर जायचा. मेस्त्रीला पेट्रोलचा वास चुकतो होय?

या खेपेला त्याने काही कमी केलं नाही. मऊ पॅड मागवले, त्यांच्या कडा तासल्या, गंजलेल्या पिना साफ केल्या, डिस्क लख्ख पुसली. नवे पॅड बसले की पंचवीसेक वेळा वेग घेऊन ब्रेक दाबावा लागतो, तेव्हा ते डिस्कला नीट धरतात. त्याला रिकामा रस्ता हवा. म्हणून रात्री साडेनऊला तो निघाला.

पंधरा वेळा दाबला, वीस वेळा दाबला. गाडी मुकाट्याने थांबायची.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी ते वळण आलं.

बाबलीचा पाय ब्रेकवर नव्हता. हे तो शपथेवर सांगतो. पाय नव्हता... आणि गाडी किंचाळली.

तोच आवाज. कडक पॅडचा. गाडी आपसूक मंद होत गेली आणि गडग्यासमोर उभी राहिली.

उजेडात चिरे. वाळकं गवत. कोणी नाही.

गाडी थांबली होती. आवाज थांबला नव्हता.

चाकं जागच्या जागी... आणि आवाज चालूच.

मग मागचा दरवाजा... नाही, दरवाजा उघडला नाही. नुसती मागची सीट दबली. कुणी दमून बसावं, तशी गाडी मागे खचली. आवाज बंद झाला.

बाबलीने आरशात पाहिलं नाही. हात वर करून आरसा छताकडे फिरवला.

गॅरेजकडे परतावं म्हणून त्याने रिव्हर्स टाकला. किंचाळी. पुन्हा टाकला. पुन्हा किंचाळी. पहिला गिअर टाकला... शांत.

पुढे आचरा. पुढे सरांचं घर.

तो गेला. मागे कुणी श्वास घेत होतं का, मी विचारलं. “नाय,” म्हणाला. “ताच तर. श्वास नाय होतो.”

सर घरासमोरच्या खळ्यात उभे होते. कित्येक महिन्यांनी दाराबाहेर. किंचाळी त्यांनीही ऐकली होती. ते गाडीजवळ आले, मागच्या काचेतून आत पाहिलं, आणि बघतच राहिले.

“बाबली... मागे कोण आसा?”

बाबली वळला नाही.

“सर, ग्रीस मिया लावलंय. पॅडाच्या तोंडाक. मगे रात्री पुसून टाकलंय. तुमचो पाय... तुमचो पाय बरोबर पडललो.”

सरांनी काचेवरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

मग हळू म्हणाले, “मी ब्रेक मारललंय रे. सगळ्यांक सांगी होतंय. कोणाक खरा वाटला नाय. मगे माकाच वाटाक लागला... मी मारूकच नाय.”

त्यांनी टपावर हात टेकला आणि ते रडले. शिव्या दिल्या असत्या तर बाबलीला बरं वाटलं असतं. दिल्या नाहीत.

तेवढ्यात गाडी मागून हळूच वर आली. कुणी उतरावं तशी.

दुसऱ्या दिवशी दोघे तुळसाच्या मुलाकडे गेले. त्याने सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं. मग पोलीस ठाणं. सर सुटले. बाबलीची केस अजून चालू आहे, प्रत्येक तारखेला तो वेळेआधी जाऊन बसतो. सांगून हलकं वाटलं का, विचारलं तर मान हलवतो. नाही.

पण त्या सकाळी, निघण्यापूर्वी, त्याने पुढचं डावं चाक काढलं होतं. आवाज कशाने आला ते बघायला. पॅड नवे, कोरडे. डिस्क लख्ख. आणि त्या लख्ख लोखंडावर... आतल्या बाजूला चार बोटांचे ठसे. बाहेरच्या बाजूला अंगठा. भाकरी धरावी तशी कुणीतरी फिरती डिस्क हातात धरलेली.

त्याने पॉलिश पेपरने घासलं. गेलं नाही. अँजेला गाडी गोव्याला घेऊन गेली, हजारो वेळा पॅड त्यावरून फिरले. गेल्या महिन्यात गाडी कामाला आली, तेव्हा बाबलीने चाक उघडून मला दाखवलं.

बोटं आहेत. बारीक, वाकडी... म्हाताऱ्या बाईची.