सत्तावन्नचा घासलेला दांडा

भिवंडीत बेस गिटार पारखायची असेल तर शुक्रवारी पारखावी. बाकीचे दिवस पॉवरलूमचा खटखटाट चालू असतो, आणि खालचा स्वर तारेतून येतोय की शेजारच्या कारखान्याची भिंत हादरतेय, तेच कळत नाही. शुक्रवारी लूम बंद असतात. म्हणून २००७ च्या मार्चमध्ये, जुम्म्याची नमाज उरकून मोहिउद्दीन परतल्यावर, मी राहनाळला त्याच्या पडीक मालाच्या गोडाऊनवर गेलो.

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. जळालेल्या मोटारीतली तार काढायची आणि नवी गुंडाळायची. बेसचा पिकअप, तारेचा आवाज उचलणारा भाग, म्हणजे तरी काय, लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली तारच. त्यामुळे जुन्या वाद्यात जीव असतो वगैरे बोलणाऱ्यांची मला चीड येते. पण हे भाऊंना कोण सांगणार? भाऊंचा ऑर्केस्ट्रा कशेळीपासून पडघ्यापर्यंत हळदीला वाजतो आणि त्यात बेसवर पहिल्यापासून मी. माझ्या गिटारचा दांडा खाडीच्या दमट हवेनं वाकला, तेव्हा भाऊंनी तोंडावर सांगितलं, "नामा, सीझनच्या आधी जुन्या आवाजाचा पीस आन. न्हायतर सार्थकला बसवतो." सार्थक कालचा पोरगा. माझी जागा त्याला जाणार या विचारानं मला अन्न गोड लागत नव्हतं.

गोडाऊनमध्ये पुठ्ठ्याचा आणि उंदराच्या औषधाचा वास होता. मोहिउद्दीननं कुणा आयातदाराचा पडून राहिलेला माल उचलला होता. त्यातले दोन बेस त्यानं कापडाच्या गाठीवर आणून ठेवले. दोन्ही रिइश्यू, म्हणजे जुन्या मॉडेलबरहुकूम कंपनीनं नव्यानं काढलेले. एक पंचाहत्तर सालचा नमुना, दुसरा सत्तावन्नचा.

"देख, वाजव," तो म्हणाला. "पण भाव करू नकोस. आणि एकदा नेलास की परत घेणार न्हाय."

बसायला स्टूलही दिलं नाही. मी गाठीवर टेकलो.

पंचाहत्तरचा कोरा करकरीत होता. दांडा सडपातळ, वजन खांदा मोडणारं. अँपला लावला तर आवाज स्वच्छ पण कोरडा. सत्तावन्नचा हलका, दांडा जाडजूड, आणि आवाज गोल, थेट पोटात उतरणारा. भाऊंना हवा होता तो हाच.

पण तो कंपनीनं मुद्दाम जुनाट केलेला होता. कोपर टेकतं तिथला रंग उडवलेला, पाठीवर पट्ट्याच्या बकलचे ओरखडे. पॉलिश पेपरनं घासून म्हातारपण विकणाऱ्यांना मी मनात शिव्या घातल्या. दांड्यावरही, बोटं पडतात तिथं, वार्निश जाऊन लाकूड काळवंडलं होतं.

मी डाव्या हाताची बोटं त्या डागांवर ठेवली. तर्जनी बसली. माझं मधलं बोट लहानपणी मोडून वाकडं जुळलंय, ते तारेवर तिरकं पडतं. त्याच्याखालचा डागही तिरका होता. हात वर सरकवला. तिथलाही तिरका. पार शेवटच्या पट्टीपर्यंत तिरके डाग होते.

अनामिकाही बसली. करंगळीखाली मात्र वार्निश शाबूत होतं. मला हायसं वाटलं. माझं निम्मं वाजवणं करंगळीवर चालतं, तेव्हा हा हात माझा नव्हे. आपण असले विचार करतोय याचाच मला राग आला.

तेवढ्यात लाइट गेली. अँप बंद पडला, पंखा थांबला. अशा वेळी बेसवाले वाद्याच्या वरच्या शिंगाला, पुढं आलेल्या लाकडी टोकाला, हनुवटी टेकवतात. लाकडाचा आवाज हाडातून कानात येतो. मी तसं केलं, एक तार छेडली आणि तळव्यानं दाबून बंद केली.

आवाज थांबला नाही.

आत एक मोटार वेग घेत होती. पट्टा फटफटत होता. मग एकदम तो आवाज जड झाला, पट्ट्यात काहीतरी अडकलं की होतो तसा.

मी हनुवटी उचलली. गोडाऊन गप्प होतं.

"इथं मोटार कुठं चालू हाय?" मी विचारलं.

"बत्ती गुल हाय. मोटार कशी चालेल? हे तुला समजायला पायजे." मोहिउद्दीन माझ्या डाव्या हाताकडे बघत होता.

मी पंचाहत्तरचा घेतला.

सीझन लागायच्या आत माझ्या दुकानात एका लूमची मोटार चाचणीला लावली होती. पट्टा फटफटायला लागला आणि हा आवाज मी कुठं ऐकलाय ते मला आठवलं. आठवायला वेळ मिळाला, हात काढायला मिळाला नाही. डावी करंगळी मुळापासून गेली.

सीझन सार्थकनं वाजवला. भाऊ बघायला आले, पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "तीन बोटांनी जमलं तर ये. दिवाळीनंतरच्या हळदी तुझ्या. न्हाय जमलं तर मंग सार्थकच."

पंचाहत्तरवर काही केल्या जमेना. रोज बसायचो, रोज चुकायचो, आणि डोळ्यासमोर तो घासलेला दांडा यायचा. कुठल्यातरी तीन बोटांच्या हातानं तो लाकडापर्यंत झिजवला होता, म्हणजे तीन बोटांनी वाजवता येत होतं. तिथं पुन्हा जायची मला भीती वाटत होती. सार्थकला माझ्या जागेवर बघायची त्याहून जास्त वाटत होती.

दिवाळी झाल्यावर एका शुक्रवारी गेलो. मोहिउद्दीननं हाताचं विचारलं नाही. परत घेणार न्हाय म्हणालेला माणूस, त्यानं पंचाहत्तरचा न बघता काढून घेतला. सत्तावन्नचा आधीच गाठीवर काढून ठेवलेला होता. तारा सुरात होत्या.

"मला वाटलं लवकर येशील," तो म्हणाला.

मी हात ठेवला.

तर्जनी बसली. तिरक्या डागावर तिरकं बोट बसलं.

अनामिका टेकवली, ती घसरली.

तिच्याखाली मागच्या वेळचा डाग नव्हता. दांड्यावर खालपासून वरपर्यंत, जिथं जिथं ती पडते तिथं, वार्निश नवंकोरं चमकत होतं.

"पसंत हाय?" मोहिउद्दीननं बॅगेची चेन उघडून धरली होती.

पडघ्याची हळद चार दिवसांवर आली होती. मी मान हलवली.

परतताना रिक्षात गर्दी होती, बॅग खांद्याला घट्ट टेकली होती. रस्ताभर खांद्याच्या हाडातून आवाज येत राहिला. पट्टा फटफटत होता, अजून नुसताच, काही न अडकता.