धन्यवाद म्हणायचं नाही

मी सँडविच पोचवायला गेलो होतो आणि ओन्दिनाने माझ्या दंडाची कातडी काढून घेतली.

मोन्तेविदेओत खाण्याच्या धंद्यातल्या माणसाला आरोग्यपत्र लागतं. माझं संपत आलं होतं. प्रयोगशाळेच्या दारात पांढऱ्या कोटातली बाई म्हणाली, "बाही वर करा." मला वाटलं, हल्ली तपासणी इथेच होत असेल. तिने दंड बधिर केला आणि मसुराएवढा तुकडा काढला.

"झोपता कधी?"

"हॉटेल बंद झाल्यावर, पहाटे. पण डॉक्टरबाई, हे सँडविच कुठे ठेवू?"

तिचा चिमटा हवेतच थांबला. "म्हणजे... तुम्ही प्रयोगासाठी आलेले नाही?"

"मी विल्मार. सँडविचवाला."

ती पांढरीफटक पडली. घाईघाईने तुंब्यातल्या वाळक्या पानांवर गरम पाणी ओतून तिने माते, म्हणजे आमच्याकडचा चहा, पुढे केला. कडू, कडक. मी गोंधळून म्हणालो, "धन्यवाद."

तिने तुंबा मागे घेतला. आमच्याकडे माते घेताना धन्यवाद म्हटलं, की त्याचा अर्थ पुरे, आता नको. "इतका राग आला?"

"नाही हो! घाबरून तोंडातून गेलं. भरा ना अजून..."

"मग पुन्हा म्हणायचं नाही." ती पहिल्यांदा हसली. "तो तुकडा टाकून देते."

"कशाला? राहू दे तुमच्याकडे."

संमतीच्या कागदावर सही करून तो तुकडा मी तिला देऊन टाकला. मग कुणी मागवो न मागवो, मी रोज सँडविच घेऊन जायला लागलो. ती सांगायची, प्रत्येक पेशीत एक घड्याळ असतं. तिने स्वतःच्या दंडाचाही तुकडा घेतला होता; तिच्या पेशी पहाटे जाग्या व्हायच्या, माझ्या उशिरा. पेशी काहीबाही बाहेर सोडतात आणि ते सोडायला दारवानासारखं एक प्रथिन लागतं. त्या बाहेर सोडलेल्याने शेजारच्या पेशीचं घड्याळ हलतं का, हे तिला बघायचं होतं.

एका दुपारी ती धावत हॉटेलात आली, केस वाऱ्याने विस्कटलेले.

"विल्मार, तुझ्या पेशी बिघडल्या!"

हातातली बशी पडली. "मी... मरतोय?"

"मरतोय कसला, गाढवा! माझ्या पेशी ज्या द्रवात होत्या, त्यात तुझ्या ठेवल्या. त्या माझ्या वेळेला उठायला लागल्या! माझ्या पेशींतला दारवान बंद केला, की तुझ्या परत उशिरा."

"म्हणजे... मला न विचारताच त्यांनी ठरवलं?"

"एका प्रयोगाने काही ठरत नाही." तिचे कान लाल झाले होते. "पुन्हा करून बघायला हवा... बरीच वर्षं."

आम्ही बरीच वर्षं करून पाहिला.

गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात तिच्या खाटेशी बसून मी तिला सकाळचा माते भरून दिला. एक घोट घेऊन तिने तुंबा माझ्या हातात ठेवला.

"धन्यवाद, विल्मार."

इतक्या वर्षांत हा शब्द तिने मला कधी ऐकवला नव्हता.

"अगं, अजून पाणी आहे," मी थर्मास हलवून दाखवला.

तिने नुसता माझा हात धरला.

आता मी एकटाच उठतो. तिच्याच वेळेला, उजाडायच्या आत. आणि थर्मासातलं पाणी संपेपर्यंत पितो.