आठ पायांचं टेबल

माणसाच्या आयुष्यातल्या थोर गोष्टी सपाट पृष्ठभागावर घडतात. वडनेर भोलजीत असा पृष्ठभाग नव्हता.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. वामनराव कापसाच्या कामासाठी नागपूरला गेले, तिथल्या एका क्लबात त्यांनी बिलियर्डचं टेबल पाहिलं आणि वेगळाच माणूस होऊन परतले. हिरवंगार कापड, त्यावर गुळगुळीत गोळे, आणि भोवती हातात लांब काठ्या घेऊन वजनदार माणसं गप्प उभी. एवढ्या जणांच्या हातात काठ्या आणि भांडण नाही, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. असं टेबल आपल्या बैठकीत हवंच.

खामगावच्या दुकानाने त्यासाठी माणिक नावाचा तरुण पाठवला. तो आला तेव्हा वामनरावांची मुलगी चांगुणा बैठक सारवत होती. फरशीने गुडघे धरतात असं तिच्या आईचं, झुंबरबाईंचं मत होतं, म्हणून एवढ्या मोठ्या घरातही जमीन मातीची. चांगुणा कॉलेजात जाऊन आली, तरी शनिवारचं सारवण तिच्याकडेच राहिलं. माणिकने उंबरा ओलांडला आणि त्याचा बूट ओल्या सारवणात छानपैकी उमटला.

"पाय उचला," चांगुणा म्हणाली. त्याने उचलला. "आता खाली ठेवू नका."

"मग... कुठं ठेवू?"

"ते तुमचं तुम्ही पाहा."

तो बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिला, हातात जड पिशवी. तिचे हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले, कपाळावर एक बट चिकटलेली. आणि तो तिच्याकडे बघत होता — लोणारचं विवर पहिल्यांदा पाहणारा माणूस काठावर उभा राहून बघतो, तसा. चांगुणाने मान खाली घातली. एकच जागा ती किती वेळ सारवत राहिली.

पिशवीत टेबलांचे पाय होते, नमुन्याचे. माणिकने ते सतरंजीवर मांडले आणि पुस्तकी मराठीत बोलू लागला. कोरीव पायाला खाली सिंहाचा पंजा होता. झुंबरबाईंनी त्याला हरकत घेतली. घरात पंजा आला की गाय आटते, अशी त्यांना शंका होती. वामनरावांचे भाऊ शेषराव यांना वर फळ्या टाकून पंगत बसवता येईल असं टेबल हवं होतं. तसंही निघतं, माणिक म्हणाला, पण पंगतीला खुर्च्यांवर बसावं लागेल. मांडी घालता येणार नाही म्हटल्यावर शेषरावांचा रस संपला.

उरले दोन. एक सरळ, चार पायांच्या सुटसुटीत टेबलाचा. दुसरा गोल घडवलेला, क्लबातल्यासारख्या आठ पायांच्या टेबलाचा.

"चार पायांचं घ्या," माणिक प्रामाणिकपणे म्हणाला. "एकदा बसलं की बसलं. मला पुन्हा यावं लागणार नाही."

दारामागून चांगुणाने विचारलं, "अन् आठ पायाचं?"

"त्याचा... प्रत्येक पाय वेगळा, पाणसळ लावून एका पातळीत आणावा लागतो. सारवलेल्या जमिनीवर तर..." तो थांबला. माणिक मूळचा साखरखेर्ड्याचा. पुस्तकी मराठी इथे त्याला सोडून गेली. "तर येतच राहा लागते."

"आबा, आठ पायाचंच घ्या," चांगुणा म्हणाली. "घराले शोभन." आणि ती छताचे वासे बघू लागली.

नांदुऱ्याच्या स्टेशनावरून टेबल बैलगाड्यांतून आलं. कापडाखाली अखंड दगडाच्या लाद्या आहेत हे कळताच गावाचा आदर दुणावला. लोक चपला काढून आत येत, लांबूनच बघत आणि हळू आवाजात बोलत बाहेर पडत. एका म्हातारीने टेबलाच्या एका पायाला कुंकू लावलं. वामनराव तिला रागावले आणि उरलेल्या पायांना त्यांनी स्वतः लावलं.

मग माणिक टेबलाखाली शिरला, पाचरी ठोकायला. वर पाणसळ धरून चांगुणा. पितळी पट्टीत काच, काचेत पाणी, पाण्यात एक बुडबुडा... जिवंत असल्यासारखा थरथरणारा.

"कुठं हाय?" खालून आवाज.

"तुमच्याकडंच सरकून राह्यला."

"आता?"

"आता... मधात."

"मग हलू देऊ नका."

ती श्वाससुद्धा घेत नव्हती. माणिकने बाहेर येऊन पांढरा गोळा टेबलाच्या मध्यावर ठेवला आणि हात काढून घेतला. गोळा राहिला. वामनरावांचे डोळे भरून आले.

शनिवारी सारवण झालं आणि गोळा घरंगळत टेबलाच्या कोपऱ्यातल्या जाळीत जाऊन पडला. खामगावला निरोप गेला, माणिक आला, टेबल सरळ करून गेला. पुढच्या शनिवारनंतर पुन्हा तेच. त्या कोपऱ्यातल्या पायापाशी चांगुणा पाणी जरा सैल सोडायची. माती भिजे, पाय खचे. असं होता होता कापूस घरात आला, आणि वामनरावांचा धीर सुटला. पुन्हा गोळा घरंगळला तर टेबल गाडीवर घालून परत, आणि त्या पोराने या दारात पाऊल ठेवायचं नाही, असं त्यांनी सांगितलं.

गोळा राहिला तर त्याला यायचं कारण नाही, घरंगळला तर यायची परवानगी नाही. कॉलेजातल्या तर्कशास्त्रात अशा कोंडीला नाव होतं, उपाय नव्हता. त्या शनिवारी चांगुणाने पाणी सांडलं नाही. जाईल तो, पण लबाड ठरून तरी जाणार नाही.

माणिक न बोलावता आला. त्याने पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध, निवांत. माणिकचा चेहरा उतरला.

"आज काऊन नाही खचलं?"

चांगुणाने चमकून वर पाहिलं. "तुम्हाले... ठाव होतं?"

"पहिल्याच खेपेले माती ओली दिसली होती." तो बुडबुड्याकडे बघत म्हणाला, "अन् पाचर मीबी ढिलीच ठोकत होतो."

शेणाचा वास असलेले हात तिने पदरात लपवले. त्याने ते हळूच बाहेर काढले. पाणसळ कलंडली. बुडबुडा कुठे गेला ते कोणी पाहिलं नाही.

पाहिलं ते झुंबरबाईंनी, स्वयंपाकघराच्या दारातून. त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"पोरगी टेबलाले पाणी घालून राह्यली, तुळशीले घालते तसं," त्या म्हणाल्या. "अन् तुम्ही दुकानाले बोल लावता. पोराच्या बापाले बोलवा."

वामनरावांनी बराच विचार केला. जावई झाल्यावरही टेबलाची देखभाल तोच करेल ना, एवढं विचारलं आणि बोलावणं धाडलं.

लग्नाआधी गुडघ्यांची पर्वा न करता बैठकीत शहाबादी फरशी घातली. टेबल कायमचं सरळ झालं. लग्नाच्या दिवशी वजनदार पाहुणे त्याच्याभोवती अगदी क्लबातल्यासारखे गप्प उभे राहिले. शेवटी माणिकचे वडील म्हणाले, एक डाव होऊन जाऊ द्या.

तेव्हा लक्षात आलं, काठ्या मागवायच्या राहूनच गेल्या होत्या.