गारी लागली टेसनाला

या शेवंतीला ऐकून घ्यायची सवयच नाही. शिकायला येते माझ्याकडे, आणि शिकवते मलाच!

मी कोपरची धवलारीण. आम्हा आगऱ्यांची लग्नं माझ्या गळ्यावर लागतात; मी धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. सासूने जसा तोंडी दिला, तसाच गात आले. माझ्यामागे कोणी हवं, म्हणून काळुरामची ही पोर ओट्यावर बसवली.

तिथेच ती माझ्या लेकाला, सहदेवला दिसली. नव्या आगगाडीच्या रुळांवरच्या कामावरून आला, पाणी मागितलं. तिने तांब्या दिला... आणि हा प्यायचंच विसरला.

"तुमची ती गारी," तिने विचारलं, "थांबते कुठं?"

"टेसनात."

"म्हंजे बंदरच की."

"बंदरच... पन पानी नाय. भरतीची वाट बगाया लागत नाय."

"मंग नवरे आता त्यानंच येतील?"

"येतील की," तो तांब्यात बघत म्हणाला. "तू सांग, कवा येऊ—"

ती हसली. बांगड्या उगाच मागे सारल्या. मी चुलीशी होते, पण कान ओट्यावरच.

दुसऱ्या दिवशी मी होडीची ओळ सुरू केली, "नवरा आयला, होरी लागली बंदराला." तर ही गाते, "गारी लागली टेसनाला!" आणि डोळे दाराकडे.

"शेवंते," मी म्हटलं, "मांडवात ह्यो शब्द काढलास, तर या ओट्यावर पाय ठेवाचा नाय. धवल्यासाठी नाय, नि त्याच्यासाठी बी नाय."

आत जेवत बसलेल्या सहदेवने ताट तसंच बाजूला सारलं.

मग दगडूच्या मुलीचं लग्न आलं. नवरा कळव्याचा, वऱ्हाडासकट डोंबिवलीला गाडीतून उतरलेला. मी ओळ म्हणायची, बायांनी ती परतून म्हणायची, अशी आमची रीत. मी सूर धरला, "होरी लागली बंदराला—"

"गारी लागली टेसनाला!" अख्खा मांडव!

मी शेवंतीकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी. पोरीने एक शब्द काढला नव्हता. कधीतरी विहिरीवर गुणगुणली असेल. तिथून मिठागरावर, तिथून शेताच्या बांधावर, बायांनी तोंडोतोंडी कधीच उचललं होतं. आणि बसलं होतं तरी किती नेमकं! सासूच्या धवल्यात होडी होती, कारण तिच्या वेळचे नवरे होडीनेच यायचे.

खांबाशी सहदेव उभा. त्याला ना नवरा दिसत होता, ना नवरी... नुसती ती.

पुढची ओळ मी तिच्याच शब्दावर घेतली. मग धवला थांबवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले,

"शेवंते, रडतेस काय, तोंड उघर! हट्टी हायेस, पन तुजा शब्द खरा. पुढला धवला तुज्या लग्नाचा, माज्या अंगनात. मी टेसनच गाईन. आमचा नवरदेव तसा बी तिथंच पडलेला असतो!"