आमच्यात कुणाला गाडी लागत नाही

ज्यांना पटायचं नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं. मला कुणाची समजूत घालायची नाहीये. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी, गेल्या उन्हाळ्यात. यातली माणसं आजही धडधाकट आहेत, आणि एकमेकांसमोर हा विषय काढत नाहीत.

आणखी एक. रात्रबित्र नव्हती. सुनसान रस्ता नव्हता. लख्ख दुपार होती आणि रस्त्यावर ही गर्दी.

आणि जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

मावशी नर्स होती. सगळी नोकरी मुलांच्या वॉर्डात गेली. किळस हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता. लहानपणी मला उलटी झाली की माझी आई 'शी शी' करत बादली शोधायला पळायची. मावशी मात्र जवळ बसायची. एका हाताने कपाळ धरायची, दुसऱ्याने पाठ चोळायची.

"येऊ दे बाळा, येऊ दे," म्हणायची.

तिचा तो गार, कोरडा तळवा मला अजून आठवतो.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, माल पोचवणाऱ्या एका कंपनीत ट्रकची वेळापत्रकं लावायचे. कुठला ट्रक कधी सुटणार, कधी पोचणार, आणि मुख्य म्हणजे कुठे कुठे थांबणार नाही. थांबणं या शब्दावर त्यांचा जुना राग. निवृत्त झाले तरी तो राग काही निवृत्त झाला नाही. मावशी बाजारात कुणाशी बोलत उभी राहिली तरी हे लांबून घड्याळ दाखवायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी, माझी ताई, देशाच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिचे दिवस भरत आले होते. आधीचं एक पोटातच गेलं होतं. जावई जहाजावर नोकरीला, घरी यायला अजून अवकाश. ताई फोनवर एकच बोलायची, "आई, या वेळी तू हवीस. बाळाला पहिलं तूच हातात घ्यायचंस."

मावशीने आयुष्यभर लोकांची पोरं झेलली होती. आता स्वतःचं नातवंड येणार होतं. तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

पण काकांच्या कानाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी विमान बंद सांगितलं. ट्रेन दोन ठिकाणी बदलावी लागायची.

"गाडीने जाऊ," काकांनी जाहीर केलं. "आपली आपण. कुणाची मिनतवारी नको."

गाडी जुनीच घेतली, पण चांगली होती. विकणारा माणूस सभ्य, हळू बोलणारा. काका म्हणतात, गाडी दाखवताना तो एकदाही आत बसला नाही. किल्लीसुद्धा हात लांब करून दिली.

देताना त्याने विचारलं, "घरात कुणाला गाडी लागते का हो?"

काकांनी छाती फुगवली. "आमच्यात कुणाला गाडी लागत नाही."

"मग बरंय," तो म्हणाला. जरा थांबला.

"तरी… मध्ये मध्ये थांबत जा."

काका घरी येईपर्यंत हसत होते. त्यांना थांबायला सांगतोय म्हणे!

मग आखणी सुरू झाली. जेवायच्या टेबलावर काकांनी भलामोठा नकाशा पसरला. ताटं मांडीवर आली. मुक्काम कुठे, पेट्रोल कुठे, घाट कुठे टाळायचा, सगळं लाल पेन्सिलने. मधला एक पट्टा फार लांब होता, सकाळपासून अंधार पडेपर्यंतचा. त्यावर काकांनी ठसठशीत रेघ ओढली.

"हा सलग मारायचा. इथे थांबायचंच नाही."

"आणि मला जायचं असलं तर?" मावशीने विचारलं.

"सवय कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने गाडीचं दार उघडलं आणि…

वास आला.

आंबट. नासलेल्या दुधाचा, आणि त्यात संत्र्याच्या सालीचा. मावशीने लगेच ओळखला. लहान मुलाच्या उलटीचा वास. मोठ्यांच्या उलटीचा वेगळा असतो म्हणे. मी जास्त खोलात शिरलो नाही.

काकांनी गाडी धुतली. पुन्हा धुतली. मग गुलाबाच्या वासाचं काहीतरी फवारलं. आता गुलाबाच्या बागेत कुणीतरी ओकल्यासारखा वास यायला लागला.

चार दिवसांनी मावशी आत बसून काचा पुसत होती. पुढच्या सीटच्या पाठीला असतो ना, तो खिसा. तो फुगलेला दिसला. तिने आत हात घातला.

प्लास्टिकची पिशवी होती. तोंडाला गच्च गाठ मारलेली. आत काहीतरी डुचमळत होतं.

आणि पिशवी…

कोमट होती.

गाडी रात्रभर बंद होती. किल्ली काकांच्या उशाखाली होती.

काकांनी नुकत्याच लावलेल्या, गाडी धुणाऱ्या माणसाला नाही नाही ते बोलून घेतलं. तो बिचारा शपथा घेत राहिला. दुसऱ्या दिवशी काकांनी गाडी धुवायला कुणाला बोलावलंच नाही. स्वतः कुलूप लावलं, स्वतः उघडलं.

खिशात पिशवी होती. कोमट.

त्याच आठवड्यात मावशीच्या लक्षात आलं, की स्वयंपाकघराच्या दारामागच्या पिशव्या कमी होतायत. सगळ्यांच्या घरी असते तशी तिच्याकडेही एक पिशव्यांची पिशवी आहे. चांगली ठासून भरलेली असायची. ती आता खिळ्याला नुसती लोंबत होती.

"तुम्ही घेतल्यात का हो?"

"मला काय करायच्यात?"

आणि नकाशावर डाग पडला. त्या सलग पट्ट्यावर, बरोबर रेघेच्या मधोमध. पिवळट, चिकट. काका म्हणाले, मावशीने सरबत सांडलं. मावशीने ओल्या फडक्याने पुसला आणि फडकं नाकाशी नेलं.

ते फडकं तिने धुतलं नाही. फेकून दिलं.

शेवटी काका गाडी घेऊन सीट कव्हरवाल्याकडे गेले. मावशी सोबत होती. आतला वास काढायचा तर मागची सीट उचलायला हवी, तो म्हणाला. त्याने सीट उचलली.

खाली पिशव्याच पिशव्या.

कोंबून कोंबून भरलेल्या. प्रत्येकीला गाठ. काही वाळून कागदासारख्या झालेल्या. काही फुटून एकमेकींना चिकटलेल्या, खाली पत्र्यापर्यंत ओघळलेल्या. आणि वरच्या काही…

अजून ओल्या.

सीट कव्हरवाला धावत बाहेर गेला आणि गटाराशी ओकला. मावशी मात्र वाकून बघत राहिली. वरच्या पिशव्यांवर एका दुकानाचं नाव होतं. त्यांच्या घराच्या कोपऱ्यावरचं दुकान. ते महिन्यापूर्वीच उघडलं होतं.

"उंदीर," काका म्हणाले. "उंदीर ओढून नेतात असलं."

"उंदीर गाठी मारतात?"

काका चिडले.

ती घाण काढायला दुप्पट मजुरी द्यावी लागली. पत्रा घासला, स्पंज बदलला, नवीन कव्हरं चढली. वास गेला. खरंच गेला. मावशीने नाक खुपसून पाहिलं. काका खूश. "संपला विषय. उद्या रंगीत तालीम."

तालीम म्हणजे सगळं सामान भरून शहराबाहेरच्या हमरस्त्यावर लांबवर जाऊन यायचं, कुठेही न थांबता. बॅगा डिकीत गेल्या. बाळासाठी मावशीने शिवलेल्या दुपट्यांची एक बॅग मागच्या सीटवर. दुपारची वेळ. ऊन मी म्हणत होतं.

बरंच अंतर गेल्यावर ताईचा फोन आला. काकांनी तो गाडीच्या स्पीकरवर घेतला.

"कुठपर्यंत आलात?" ताई हसत होती. मग एकदम म्हणाली, "आई, मागे कोण बसलंय गं?"

"कोणी नाही. बॅग आहे."

"मग ओकतंय कोण?"

गाडीत शांतता होती. फक्त इंजिनाचा आवाज.

"काहीतरीच काय," मावशी म्हणाली.

"अगं आई, मला इथे ऐकू येतंय! ते पोर केव्हाचं म्हणतंय, थांबवा, थांबवा. बाबा, थांबवा ना गाडी! किती कळवळतंय ते!"

"लाइन खराब आहे," काका म्हणाले. त्यांनी फोन कापला.



मग मागून…

घोट गिळल्याचा आवाज आला. तोंडात आलेलं कुणीतरी परत गिळत होतं.

पुन्हा एकदा.

मग एक उमासा. कोरडा, लांब.

आणि वास. गेलेला तो सगळा वास एका दमात परत आला. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थांबवा ना…"

आवाज रडका नव्हता. रागाचाही नव्हता. एकदा ओरडा खाल्लेलं मूल बोलतं तसा, अगदी बेताचा.

काकांनी वेग वाढवला. "भास आहे. मागे बघू नकोस. थांबायचं नाही."

मावशीने मागे पाहिलं नाही. ती म्हणते, मी काही ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय. तिचा उजवा हात आपोआप दोन सीटांच्या मधून मागे गेला. तळवा उघडा.

आणि तोंडातून निघून गेलं, "येऊ दे बाळा… येऊ दे."

तळव्यात कपाळ आलं.

छोटंसं. तापलेलं. घामाने चिकट, वर केस लडबडलेले. ते आधी नुसतं टेकलं. मग सगळा भार टाकून तळव्यात बसलं, जणू त्या मापाचंच होतं.

मग त्याला हिसका बसला.

गरम धार मनगटावरून, बाहीतून, कोपरापर्यंत आत गेली. दाट होती. आणि थांबतच नव्हती. एवढ्याशा पोटात एवढं मावत नाही, मावशी म्हणते. ती नर्स आहे, तिला माहीत आहे.

काकांनी आरशात पाहिलं.

हमरस्त्याच्या मधोमध त्यांनी गाडी उभी केली. मागच्यांचे हॉर्न, शिव्या. काका दार उघडून उतरले आणि चालत सुटले. कानाचं ऑपरेशन झालेला माणूस, भर रहदारीत. आरशात काय दिसलं, ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

मावशीने मान वळवली तेव्हा मागे कुणी नव्हतं. नवी कव्हरं कोरडी होती. दुपट्यांची बॅग जागच्या जागी.

फक्त तिचा हात कोपरापर्यंत माखलेला होता. तशीच उतरून, रस्त्याच्या कडेला, माझी मावशी आयुष्यात पहिल्यांदा किळसेने ओकली.

तिचं कपाळ धरायला कुणी नव्हतं.

गाडी काकांनी भंगारात दिली. ती विकणाऱ्या माणसाचा फोन लागला नाही. नकाशा जाळला. दोघं ट्रेनने गेली, दोनदा बदलून, आणि वेळेत पोचली. ताईची सुटका झाली. मुलगा, ठणठणीत.

नर्सने दुपट्यातलं गाठोडं पुढे केलं. "घ्या आजी."

मावशी मागे सरकली. उजवा हात तिने पदराआड नेला.

"नको. हाताला वास येतोय."

ताई ढसाढसा रडली. अजूनही कधीकधी रडते. तिथे होती तोवर मावशी बाळाची लंगोटं धुवायची, त्याच्याशी बोलायची, त्याला गाणी म्हणायची. घ्यायची नाही. आता परत आलीय. तो हात ती दिवसातून किती वेळा घासते, देव जाणे. कातडी सोलवटलीय. मी तो हात हुंगून पाहिलाय. साबणाचा वास येतो, दुसरा कसला नाही. तसं सांगितलं तर ती उठून पुन्हा हात घासायला गेली.

इतकंच असतं तर मी हे लिहिलं नसतं.

मागच्या आठवड्यात ताई बाळाला घेऊन माहेरी आली. स्टेशनवरून आणायला मी माझी गाडी घेऊन गेलो. कोरी गाडी, आपल्या हाताने शोरूममधून काढलेली. काका आले नाहीत, ते आता गाडीत बसत नाहीत. मावशी पुढे, माझ्या शेजारी. ताई बाळाला मांडीवर घेऊन मागे.

थोडं अंतर गेल्यावर मावशी हळूच म्हणाली, "जरा बाजूला घे."

"का गं? तुला लागतेय का?"

"मला नाही."

मी आरशात पाहिलं. ताईला झोप लागली होती. बाळही झोपलं होतं.

मावशीचा उजवा हात सीटांच्या मधून मागे गेला होता. बाळाकडे नाही. ताईच्या शेजारी, रिकाम्या जागेकडे. तळवा जरासा वाकलेला. अंगठा हळूहळू फिरत होता, कपाळावरचे केस मागे सारावेत तसा.

मी गाडी थांबवली. काय करणार? काचा खाली केल्या आणि पुढे बघत बसलो.

"हं," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "झालं. चल आता."

तेव्हापासून गाडी दारात उभी आहे. मी ऑफिसला बसने जातो. काचेतून रोज डोकावतो, पण दार उघडलेलं नाही.

माझ्या सीटच्या पाठीचा खिसा फुगलेला दिसतोय.