जोडी जमलीय, हलू नका

ती बसमध्ये इतक्या जोरात किंचाळली, की ड्रायव्हरने बस कडेला घेऊन थांबवली. मागे येऊन त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "कुठे दुखतं?"

तिने कानातला इअरफोन काढला. "नाही... विकेट पडली."

"काय पडलं?" तो सीटखाली वाकून शोधायला लागला.

परदेशात इंग्रजी शिकवायला आल्यापासून ती पहिल्यांदाच पोट धरून हसली. त्याच आठवड्यात, संध्याकाळच्या वर्गात पहिल्या बाकावर तोच! बस कंपनीने ड्रायव्हरांना इंग्रजी शिकायला पाठवलं होतं. "विकेट मॅडम!" तो म्हणाला, आणि अख्ख्या वर्गाने ते नाव उचललं.

त्याला क्रिकेटचं ओ की ठो कळत नव्हतं. तो फुटबॉलवर जीव टाकणारा. वर्ग सुटला की तो फळ्यावर मैदान काढायचा, आणि ती त्याच्याच मधोमध खेळपट्टी आखायची. एकदा त्याने तिला मॅचला नेलं. तिथे ती बराच वेळ भलत्याच टीमसाठी ओरडत होती. लोक वळून वळून बघत होते, आणि हा पठ्ठ्या शांत.

"आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही खूश दिसता," तो म्हणाला. "मी कशाला सांगतो?"

महिनाअखेरीस तिचा करार संपत होता. संस्थेने आणखी दोन वर्षं राहाल का म्हणून विचारलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. हे त्याला माहीत होतं, तरी तो चकार शब्द काढत नव्हता. तिला त्याचा राग येत होता... आणि राग का येतो, याचाही.

रविवारी क्रिकेटची फायनल होती. रिकाम्या वर्गात पडद्यावर मॅच लावलेली, आणि डस्टरला टेकवलेल्या मोबाइलवर घरून बाबा आणि आत्या. तिने बोलावलं म्हणून तोही आला, तेव्हा आपल्या टीमचे सहा गडी बाद झाले होते. दारापाशी एक बुटकं स्टूल होतं, त्यावर तो एक पाय मुडपून बसला.

"कोण गं हा?" आत्याने विचारलं.

"माझा विद्यार्थी."

"एवढा घोडा?"

तेवढ्यात चौकार गेला. लगेच दुसरा. बाबा खुर्चीत पुढे सरकले. "हा बसल्यापासून विकेट नाही पडली. सांग त्याला, जोडी जमलीय, हलू नका! आपल्याकडे अशा वेळी पाण्यालासुद्धा कुणी उठत नाही म्हणावं."

"अहो बाबा, त्याला कशाला..."

"तू सांग."

तिने ओशाळत सांगितलं. त्याने गंभीरपणे मान डोलावली, आणि मान हलली म्हणून तोच दचकला.

तासभर तो तसाच बसून होता. कपाळावर घाम आला.

"पाय तरी मोकळा करा," ती कुजबुजली. "बाबांना नाही दिसत तो."

"मॅचला दिसतो," तो म्हणाला.

शेवटच्या षटकात जोडी फुटली. चार धावा कमी पडल्या. बाबांनी चष्मा काढून ठेवला. आणि वर्गात टाळ्या ऐकू आल्या. तो वाजवत होता.

"आमच्याकडे हरलेली टीम आत जाईपर्यंत वाजवतात. उभं राहून," तो म्हणाला. "पण माझा पाय झोपतो."

तिने घरी अर्थ सांगितला. बाबा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या, सावकाश.

"पोरगा चिकाटीचा आहे हो," आत्या म्हणाली. मग तिने भावासमोरचा फोन उचलून घेतला. "चला, आमची बॅटरी संपली." फोन बंद.

उठायला तिने त्याला हात दिला. लंगडत तो उभा राहिला, पण हात काही सोडेना.

"तुम्ही राहता," तो म्हणाला.

"हा प्रश्न आहे, की नुसतं वाक्य?"

"प्रश्न. फक्त... शब्द पुढेमागे होतात."

"मग नीट विचारा."

त्याने ओठातल्या ओठात शब्द जुळवले आणि विचारलं. व्याकरण बिनचूक होतं.

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. इतके महिने त्याचं बोलणं तिच्या कानात 'तुम्ही' होऊनच उतरायचं. आज मात्र तिला ऐकू आलं, "तू राहशील?"

"राहीन," ती मराठीतच बोलून गेली.

"म्हणजे?"

तिने इंग्रजीत सांगितलं. तरी त्याने तो शब्द तिला मराठीत आणखी दोनदा म्हणायला लावला.