बावखलावरची हाक

त्या शुक्रवारी मी प्लासिडकाकांच्या घरी निघाले ती फक्त फुलांचं विचारायला. सोमवारी काकांच्या पहिल्या पुण्यतिथीचा मिस्सा होता आणि चर्चसाठी मोगरा आमच्या वाडीतून जायचा होता. सुटी फुलं हवीत की गजरे, एवढंच अँजेलिनाकाकूंना विचारायचं होतं. १९९९चा मे महिना, दुपारचे चार, सायकलची सीट तव्यासारखी तापलेली. वेळ काही भुताखेतांची नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि पाण्यात सूर मारणं हा माझा खेळ होता. तीन मीटरची लवचिक फळी, हवेत अडीच कोलांट्या, मग हात पुढे करून डोक्याकडून पाण्यात. पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात. नीट पडायला मात्र मला नऊ वर्षं लागली. बाबा चिडवायचे, "यातून नोकरी कुठं लागणार गं, विहिरीत?"

ती नऊ वर्षं प्लासिडकाकांची. काका रेल्वेचे जुने खेळाडू, आमच्या शेजारच्या वाडीतले. त्यांच्या वाडीत बावखल होतं, म्हणजे बागायतीला पाणी पुरवणारं दगडी काठाचं जुनं तळं. तिथं त्यांनी माझ्यासाठी फळी बसवली होती. भरल्या पाण्यापासून बरोब्बर तीन मीटर, टेप लावून मोजलेली.

कोलांटीत माणूस आंधळा असतो. आभाळ, पाणी, आभाळ, पाणी... काय कुठं आहे ते कळत नाही. छातीशी कवटाळलेले गुडघे कधी सोडायचे ते काठावरचा माणूस सांगतो. काका ओरडायचे, "सोड!" की मी सोडायचे. त्यात विचार करायचा नसतो. उन्हाळ्यात बावखलाचं पाणी खाली जायचं, तशी हाकही जराशी उशिरा यायची. स्पर्धेत हाक मारायला बंदी असते, पण तोवर ती माझ्या हाडांत मुरलेली असायची.

आदल्या मे महिन्यात काका झोपेतच गेले. मी रडले नाही, मला त्यांचा राग आला. अर्ध्या वाटेवर सोडून जाणं हे काय वागणं झालं?

मग मी मुंबईच्या तरणतलावावर देवेंद्र सरांकडे जाऊ लागले. रोज दुपारी साडेचार ते सहा. सर कडक. हाका वगैरे लाड नाहीत, स्वतः मोजायचं आणि स्वतः सोडायचं. मला ते जमेना. तीन आठवडे मी पाण्यावर आपटत होते. आणि एके दिवशी, दुसरी कोलांटी संपता संपता, कानाशी स्पष्ट हाक आली.

"सोड!"

मी सोडलं. पाण्यात गेले तेव्हा शिंतोडासुद्धा उडाला नाही. वर येऊन पाहिलं तर काठावर सर एकटेच, वहीत काहीतरी लिहीत होते. मी कुणाला बोलले नाही. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटलीच नाही. मला फार बरं वाटलं. डिसेंबरात राज्याचं सुवर्णपदक मिळालं, तेही त्या हाकेवर.

मार्चपासून हाक उशिरा यायला लागली. आधी किंचित, मग अर्धा श्वास, मग पुरता श्वास. मी वाट बघायची आणि पाठीवर पडायची. पाठ काळीनिळी झाली होती. एकदा सर म्हणाले, "उन्नती, तू वरती कुणाची वाट बघतेस?" रविवारी राष्ट्रीय संघाची निवड होती. चुकले असते तर खेळ संपला असता, आणि फार चुकले असते तर मान मोडली असती. सरांनी दोन दिवस विश्रांती दिली होती म्हणून त्या शुक्रवारी मी घरी होते.

अँजेलिनाकाकू ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून हसल्या नाहीत.

"आलीस का आज? रस्ता सापडला घराचा?"

"काकू, फुलांचं विचारायचं होतं..."

"रोज पावणेपाचला येतेस, फळी वाजवतेस, पानी उडवतेस नि तशीच जातेस. काका गेले म्हनून काकूला तोंड दाखवायचं नाय?"

मला वाटलं त्या थट्टा करताहेत. "काकू, मी रोज सहापर्यंत मुंबईला असते."

त्यांचा हात सुपातच थांबला.

"मग फळीवर कोन असतं, बाय?"

"तुम्ही... बघितलंय?"

"पाठमोरी. ओली वेनी. तुझा निळा पोशाख." त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी हाक मारत नाय. म्हटलं, पोरीला काकांची आठवन येत असंल."

आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो. घड्याळात पावणेपाच झाले, पाच झाले. माडांच्या झावळ्यांशिवाय काही वाजलं नाही. मी इथं ओट्यावर बसले होते, म्हणून त्या दिवशी फळी वाजली नाही. हे आम्हां दोघींनाही एकदमच कळलं असावं, कारण काकूंनी क्रुसाची खूण केली आणि फुलांचं विचारायचं राहूनच गेलं.

मागं जाऊन बघितलं. बावखलात गुडघाभर पाणी होतं आणि कुजलेल्या शेवाळाचा वास सुटला होता. काकांच्या भावांनी जागा इमारतीसाठी विकली होती आणि मार्चपासून पंप लावून पाणी उपसणं चाललं होतं. आठवड्याभरात भराव पडायचा होता. पंपावर शत्रुघ्न नावाचा माणूस होता, नालासोपाऱ्याहून यायचा. मी त्याला विनवलं, चार दिवस पंप बंद ठेव.

"ताई, मालक बोलला, शनिवार रातपर्यंत सुका पायजे. अपने हाथ में क्या है?"

मला तिथंच उमगलं, काका अजून याच काठावरून हाक देत होते, याच पाण्याला मोजून. पाणी खाली गेलं तशी हाक मागं गेली. ते चुकत नव्हतेच. ते ज्या मुलीला हाक मारत होते ती, माझीच सावली, मी तिकडं उडी घेतली की इथं, या पाण्यात उडी घेत होती. आणि रविवारी इथं पाणी नसणार होतं.

दोन रात्री मला झोप लागली नाही. हाकेची वाट बघायची नाही, एवढं तर उघड होतं. पण मी स्वतःच्या मोजणीनं सोडलं, तर तिचं काय? ती तर काकांवर विसंबून राहणार. आणि मी हाक ऐकली नाही तर काका मला पुन्हा हाक मारतील का? दुसऱ्या प्रश्नानं मला जास्त रडवलं, हे कबूल करायला लाज वाटते.

रविवारी माझी शेवटची उडी सव्वाअकराला आली. फळीच्या टोकाला उभी राहिले. खाली निळं, खोल, स्वच्छ पाणी होतं. मी मनात म्हणाले, काका, माफ करा. तीन पावलं, उसळी, गुडघे छातीशी. एक. दोन. कानांत नुसता वारा. हाकेची वाट न बघता, स्वतःच्या मोजणीनं मी सोडलं.

हातांनी पाणी कापलं गेलं आणि मला कळलं की साधलं. मग खाली, तलावाच्या तळाशी, हाक आली. ती 'सोड' नव्हती.

"थांब, बाय... थांब!"

एवढ्या घाबरलेल्या आवाजात काका कधी बोलले नव्हते. मी वर आले तेव्हा टाळ्या वाजत होत्या आणि सर पहिल्यांदाच हसत होते. मी संघात निवडले गेले होते. मी पुन्हा पाण्यात डोकं घालून ऐकलं.

सोमवारी सकाळी मोगऱ्याची टोपली घेऊन गेले. काकू बावखलाच्या काठावर उभ्या होत्या, शेजारी शत्रुघ्न.

"काल मी चर्चमधून येऊन भात टाकला," काकू म्हणाल्या, "नि फळी वाजली. मग जो आवाज झाला तो पान्याचा नव्हता."

तळाशी सगळा चिखल होता, वरून सुकत आलेला. फळीच्या समोर, मधोमध, दोन खड्डे होते. जवळजवळ, अरुंद, हात कोपरापर्यंत जातील एवढे खोल. सूर मारताना हात जोडतो, त्या मापाचे. त्यांच्यामागं पडल्याची मोठी खूण होती.

"ताई, मी काल सुट्टीवर होतो," शत्रुघ्न म्हणाला. "पन हे बघा..."

काठाच्या पायऱ्यांपासून त्या खड्ड्यांपर्यंत अनवाणी पावलं गेली होती. पुरुषाची, लांब लांब टाकलेली, धावत गेल्यासारखी. जेमतेम उमटलेली. तीच पावलं पायऱ्यांकडे परत आली होती. येताना मात्र जवळ जवळ पडलेली आणि घोट्यापर्यंत खोल रुतलेली.

"वजन उचलून आणलाय कोनीतरी," शत्रुघ्न पुटपुटला.

पायऱ्यांच्या दगडावर चिखलाचा ठिपकासुद्धा नव्हता.

मला रडू फुटलं. काका धावले होते, तिला त्यांनी तसंच पडू दिलं नव्हतं, एवढं तरी मला दिसत होतं. मी म्हणाले, "काकू, काकांनी तिला नेलं."

काकू त्या पावलांकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, ओळख पटवावी तसं. माझ्या हातातली टोपली काढून त्यांनी खाली ठेवली.

"बाय, तू बरी हायेस ना?"

"हो, काकू."

"मग त्यांनी नेलं ती कोन, नि इथं उभी हाय ती कोन?" त्यांनी माझं मनगट धरलं, अंगठा नाडीवर टेकवला, डोळे मिटले आणि ऐकत राहिल्या.